न गंजणारा क्लॅम्प आणि त्याचा गंजणारा शेजारी

हेडफोन लावले असतील तर आधी एक आवाज ऐका.

(टेबलावर धातूचा तुकडा पडल्याचा आवाज)

हा पाच मिलिमीटरचा बोल्ट आहे. म्हणजे अर्धाच. उरलेला अर्धा तारकर्लीच्या रस्त्यावर कुठेतरी पडलाय. माझा एक मित्र स्कूबा गाइड आहे. देवबागहून मालवणला रोज सायकलने येतो, मागे कॅरिअरवर ओलं सामान. वेटसूट, फिन्स, सगळ्यातून खारं पाणी ठिबकतंय. ते पाणी जिथे ठिबकायचं, बरोबर तिथेच कॅरिअर धरून ठेवणारा हा बोल्ट होता. एका सकाळी तो तुटला. कॅरिअर मागे कलंडलं, बॅगेचा पट्टा चाकाच्या तारांत गुंतला आणि चाक जागच्या जागी थांबलं. मित्र पडला. मनगटाचं हाड मोडलं आणि ऐन सीझनमध्ये सहा आठवडे पाण्यात उतरणं बंद. गाइडला पाण्यात उतरता आलं नाही तर घरात पैसे येत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

प्लास्टर असतानाच तो मला म्हणाला, "टायटॅनियमचो करून दी. एकदाच काय तो खर्च."

आजचा भाग त्या एका क्लॅम्पबद्दल आहे. तो कसा काढला, कसा बनवला, पहिल्यांदा मी काय घोळ घातला आणि त्यातून टायटॅनियमबद्दल काय कळलं.

इथली हवा आणि नट-बोल्ट

मालवणात राहणाऱ्याला गंज काय असतो ते शिकवावं लागत नाही. खिडकीचे गज, गॅसची शेगडी, गाडीचा सायलेन्सर, सगळ्याला तोच रोग. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. ते धातूवर बसतात आणि हवेतली ओल ओढून घेतात. म्हणजे पाऊस नसला तरी धातूवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर कायम असतो.

राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा आठवत असेल. ४ डिसेंबर २०२३ ला त्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. त्याची कारणं, चौकशी, वाद हा आपला विषय नाही. पण त्या आठवड्यात चहाच्या टपरीपासून जेटीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता : गंजलेले नट-बोल्ट. एरवी त्यांच्याकडे कोण बघतं?

मग टायटॅनियम का गंजत नाही? गंमत अशी की ते ऑक्सिजनशी फार पटकन जुळतं, लोखंडापेक्षाही पटकन. पण लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. त्याचे पापुद्रे सुटतात, खालचं लोखंड उघडं पडतं आणि गंज आत आत जातो. टायटॅनियमवर तयार होणारा ऑक्साइडचा थर डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ असतो, पण घट्ट चिकटलेला असतो. त्यावर ओरखडा काढलात तर हवा लागताच तो पुन्हा तयार होतो. समुद्राचं पाणी या थराचं काही वाकडं करू शकत नाही.

काळी वाळू आपलीच, धातू मात्र महाग

टायटॅनियम म्हटलं की रॉकेट आठवतं. पण त्याची सुरुवात वाळूत आहे. १७९१ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्र्याला काळ्या वाळूत एका नव्या धातूचा अंश सापडला. पुढे १७९५ मध्ये क्लापरोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्याला टायटॅनियम हे नाव दिलं. त्या काळ्या खनिजाला आज इल्मेनाइट म्हणतात. त्यात लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन एकत्र असतात. आणि आपल्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात मालगुंड, काळबादेवी, पूर्णगड या किनाऱ्यांवरच्या काळ्या वाळूत हेच इल्मेनाइट आहे.

मग धातू इतका महाग का? कारण टायटॅनियम ऑक्सिजनला सोडायला तयार नसतं. लोखंडासारखं कोळशाच्या भट्टीत टाकून ते सुटत नाही. आधी क्लोरीन वापरून त्याचा एक द्रव करायचा, टायटॅनियम टेट्राक्लोराइड. मग हवा काढलेल्या, आर्गॉन वायू भरलेल्या बंद भांड्यात वितळलेल्या मॅग्नेशियमशी त्याची गाठ घालायची. ही पद्धत लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोल यांनी १९३० च्या दशकात बसवली. तिच्यातून जे हाती येतं ते स्पंजसारखं सच्छिद्र दिसतं, म्हणून त्याला स्पंजच म्हणतात. ते निर्वात भट्टीत वितळवून ठोकळे करायचे, मग त्यांच्या सळ्या आणि नळ्या. भारतात असा स्पंज बनवणारा कारखाना केरळात चवरा इथे आहे. २०११ मध्ये तो सुरू झाला. क्षमता वर्षाला ५०० टन, आणि तंत्रज्ञान हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेचं.

जगात निघणाऱ्या टायटॅनियमच्या खनिजापैकी बहुतेक धातूसाठी वापरलंच जात नाही. त्याची पांढरी पूड होते आणि ती रंगात जाते. तुमच्या खोलीची भिंत पांढरी असेल तर टायटॅनियम आत्ताही तुमच्या शेजारी आहे.

आधी विचारा : हे तुटलं तर काय होईल?

मी काम करतो ते वर्कशॉप काकांचं. पत्र्याची शेड, एक जुनं लेथ, एक ड्रिलिंग मशीन. मुख्य काम होड्यांच्या इंजिनांचं : बुश, शाफ्ट, कपलिंग. सायकलचे पार्ट हा माझा संध्याकाळचा उद्योग.

कागदावर पहिली रेघ मारण्याआधी मी एक प्रश्न विचारतो. हा भाग चालत्या सायकलवर तुटला तर काय होईल? हँडलचा स्टेम तुटला तर माणूस तोंडावर पडतो. पुढचा फोर्क तुटला तर त्याहून वाईट. असे भाग तपासायला मशीन लागतं, ते लाखो वेळा वाकवून बघतं. आमच्याकडे ते नाही, म्हणून स्टेम आणि फोर्क आम्ही करत नाही. कितीही जवळचा मित्र असला तरी नाही.

मित्राला हवा होता सीटच्या नळीभोवती बसणारा क्लॅम्प. त्याला दोन कान, आणि त्या कानांना कॅरिअरचे दांडे. हा तुटला तर सीट खाली सरकेल, कॅरिअर पडेल. तेही धोक्याचंच, मित्राचं मनगट त्याची साक्ष आहे. म्हणून एक अट घातली. कॅरिअरला फ्रेमशी बांधणारा एक वेगळा नायलॉनचा पट्टा कायम राहील. धातू कोणताही असो, दुसरा आधार हवाच.

मग मोजमाप. सायकलच्या नळ्यांचे आकार ठरलेले असतात, याची नळी ३१.८ मिलिमीटरची. पण व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजली तर रंगासकट ३१.९ भरली. म्हणून क्लॅम्पचं भोक ३२. कागदावरचा आकडा आणि हातातली सायकल यांच्यात असा फरक नेहमी असतो. 'कस्टम' म्हणजे दुसरं काय, तर तो फरक मोजून काम करणं.

कुठल्याही साध्या लॅपटॉपवर त्रिमितीय चित्र काढता येतं. ते थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकमध्ये काढून घेतलं आणि सायकलवर बसवून बघितलं. बरं झालं बघितलं! एक कान ब्रेकच्या केबलला घासत होता. प्लास्टिकमध्ये ही चूक काही रुपयांत निस्तरली. टायटॅनियममध्ये ती हजारांत गेली असती.

चित्र काढताना दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली, लोखंडी क्लॅम्पची नक्कल करायची नाही. एकाच आकाराचे दोन भाग घेतले तर टायटॅनियमचा भाग स्टीलपेक्षा जवळजवळ दुप्पट लवतो. तुटत नाही, पण लवतो. म्हणून कान थोडे जाड केले. दुसरी, आतले कोपरे काटकोनात ठेवायचे नाहीत. कान जिथे कड्याला मिळतो तिथे गोलाई हवी. तडा नेहमी टोकदार कोपऱ्यातून सुरू होतो. कागदाला आधी छोटा काप दिला की तो कसा सरळ फाटत जातो, तसंच.

घासायचं नाही, कापायचं

टायटॅनियमचे प्रकार असतात. ग्रेड २ म्हणजे जवळपास शुद्ध, थोडं मऊ. ग्रेड ५ मध्ये ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम, बोल्ट आणि क्लॅम्पसाठी हेच. ग्रेड ९ नळ्यांसाठी. आधी विमानातल्या हायड्रॉलिक नळ्यांसाठी ते वापरायचे, नंतर सायकलच्या फ्रेम त्याच्या व्हायला लागल्या.

मुंबईत गुलालवाडी-खेतवाडीच्या धातुबाजारातून ग्रेड ५ चा साठ मिलिमीटर जाडीचा तुकडा मागवला. तिथून घ्यायचं तर एकच सांगतो, टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर तुकड्यावरच्या नंबराशी जुळवा. नुसतं "टायटॅनियम आहे हो" यावर विश्वास ठेवू नका.

पंधरा मिलिमीटरची चकती कापली तेव्हा तिचं वजन साधारण १९० ग्रॅम होतं. तयार क्लॅम्प झाला ३० ग्रॅमचा. म्हणजे सहातले पाच भाग कीस होऊन गेले. किंमत कुठून येते ते आता लक्षात आलं असेल.

हा धातू कापताना मुख्य अडचण उष्णतेची. ॲल्युमिनियम कापताना उष्णता झटकन पसरून निघून जाते. टायटॅनियम उष्णता वाहून नेत नाही, ती सगळी टूलच्या टोकाशी साचते. म्हणून वेग कमी ठेवायचा. मिनिटाला ५० मीटर धरला तर ६० मिलिमीटर जाडीसाठी साधारण २६५ फेरे. कूलंट भरपूर. आणि टूल धातूत रुतलंच पाहिजे. मी पहिल्यांदा घाबरत घाबरत हलका हात दिला. टूल नुसतं घासत राहिलं, किंचाळायला लागलं आणि त्याचं टोक गेलं.

काका मागून बघत होते. म्हणाले, "झिला, ह्यां लोखंड नाय. ह्याका घासूचां नाय, कापूचां."

त्यानंतर टूल बदललं, खोली वाढवली, वेग आणखी कमी केला, आणि कीस लांब, चकचकीत निघायला लागला. कानांचा आकार मात्र लेथवर होत नाही. ते मिलिंग कुडाळच्या एमआयडीसीत करून घेतलं.

घरी कुणी प्रयोग करणार असेल तर एक इशारा. टायटॅनियमचा बारीक कीस पेटतो, आणि पेटला की त्यावर पाणी अजिबात मारायचं नाही. पाण्याने आग भडकते. मशीनशेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवायची. कोरडी म्हणजे खरंच कोरडी. चिवल्यावरून आणलेली ओली वाळू नाही.

मला कुणीतरी विचारेलच, कान वेल्ड का नाही केले? प्रयत्न केला होता, दुसऱ्या एका तुकड्यावर. टायटॅनियम तापलं की हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषतं आणि काचेसारखं ठिसूळ होतं. म्हणून वेल्डिंग करताना बाहेरून आर्गॉन, नळीच्या आतूनही आर्गॉन, आणि जोड थंड होईपर्यंत तो चालूच ठेवायचा. मे महिना, शेडची दारं बंद, पंखा बंद, कारण वाऱ्याची झुळूक आली की आर्गॉन उडून जातो. तरी कुठूनतरी हवा शिरली. जोड चंदेरी किंवा फिकट सोनेरी दिसला तर ठीक. माझा निळा दिसत होता, कडेला राखाडी भुकटी. फोटोत एकदम मस्त दिसला असता! व्हाइसमध्ये धरून वाकवला तर कट्कन तुटला. त्यामुळे हा क्लॅम्प अख्ख्या तुकड्यातूनच कोरायचा ठरलं.

शेजारी कोण आहे?

आता माझा घोळ. क्लॅम्प तयार झाला, सुंदर झाला. मी हौसेने त्यात टायटॅनियमचाच बोल्ट घातला, कोरडाच, आणि फ्रेमवर आवळला. मित्र खूश. पावसाळा गेला. ऑक्टोबरमध्ये सीट वर करायची म्हणून तो आला. बोल्ट हलेना. जोर लावला तर बोल्टचं डोकं फिरलं, आटे तसेच अडकलेले. शेवटी बोल्ट ड्रिल करून काढला. क्लॅम्प उचलला तर खाली ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर पांढरी भुकटी, आणि तिच्याखाली फ्रेमला खड्डे.

क्लॅम्प मात्र नव्यासारखा चमकत होता.

इथे दोन वेगळ्या गोष्टी झाल्या होत्या. पहिली : टायटॅनियमवर टायटॅनियम कोरडं घासलं की पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, आटे एकजीव होतात. दुसरी जास्त महत्त्वाची. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी असलं की ती एक छोटी बॅटरीच होते. त्या बॅटरीत एक धातू शाबूत राहतो आणि दुसरा झिजतो. टायटॅनियम जवळपास नेहमी शाबूत राहणाऱ्यांत असतं. किंमत मोजतो तो शेजारी.

काकांना हे दाखवलं तर ते हसले. "तेचो शेजारी कोण आसा, तां बघलंस काय?"

त्यांच्यासाठी यात नवीन काहीच नव्हतं. ट्रॉलरच्या पंख्याजवळ, पाण्याखाली, जस्ताच्या वड्या लावलेल्या तुम्ही बघितल्या असतील. त्या कशासाठी? पंखा पितळ-काशाचा, शाफ्ट स्टीलचा, सभोवती समुद्र. कुणीतरी झिजणारच. मग मुद्दाम जस्त लावायचं. ते झिजतं आणि बाकीचे वाचतात. वडी संपली की नवी लावायची. मच्छीमार हे वर्षानुवर्षं करतायत. मी मात्र टायटॅनियमच्या प्रेमात असल्यामुळे माझ्या क्लॅम्पखाली जस्ताच्या जागी मित्राची फ्रेम ठेवली होती.

अजून एक बारकावा. शाबूत राहणारा भाग मोठा आणि झिजणारी जागा छोटी असेल तर झीज जोरात होते. रंगाला गेलेला एक छोटा ओरखडा, आणि त्यावर टेकलेला अख्खा टायटॅनियमचा क्लॅम्प. सगळा मार त्या ओरखड्यावर. म्हणून खड्डे तिथेच पडले होते.

दुसऱ्यांदा काय केलं ते सांगतो. फ्रेमवरचे खड्डे साफ केले. सुदैवाने ते वरवरचे होते, खोल असते तर फ्रेम बाद करावी लागली असती. उघड्या जागेवर प्रायमर आणि रंग दिला. क्लॅम्पचं भोक थोडं मोठं करून आत पातळ नायलॉनची पट्टी बसवली, म्हणजे धातू धातूला टेकणारच नाही. टायटॅनियमच्या बोल्टऐवजी ३१६ स्टेनलेसचा घेतला. तो टायटॅनियमशी बऱ्यापैकी जमवून घेतो. आट्यांना अँटी-सीझ पेस्ट. बोल्ट टॉर्क पान्याने ५ न्यूटन-मीटरवर आवळला. आणि मित्राला ताकीद दिली, दर महिन्याला बोल्ट एकदा सैल करून परत आवळायचा.

गेल्या पावसाळ्यानंतर बोल्ट हाताने पाना लावताच सुटला. खाली रंग जसाच्या तसा.

मग टायटॅनियम घ्यावं का?

खरं सांगू? बहुतेकांना गरज नाही. हलकेपणासाठी तर नाहीच. याच मापाचं साधं कडं ॲल्युमिनियममध्ये १३ ग्रॅमच्या आसपास होतं, टायटॅनियममध्ये २१. टायटॅनियमची ताकद ॲल्युमिनियमच्या कितीतरी पट, हे खरं. पण ती ताकद तुम्हाला कुठे लागते, ते आधी ठरवा.

मित्राच्या सायकलवर रोज खारं पाणी ठिबकतं, म्हणून तिथे ते शोभलं. तुमच्या सायकलसाठी आज संध्याकाळी करण्यासारखं काम यापेक्षा स्वस्त आहे. सायकल उलटी करा. प्रत्येक बोल्टचं डोकं बघा. ८.८ लिहिलं असेल तर ते साधं स्टील, किनाऱ्यावर गंजणारच. ए२ म्हणजे ३०४ स्टेनलेस, शहरात ठीक. ए४ म्हणजे ३१६, समुद्राजवळ हाच घ्या. कॅरिअर, मडगार्ड, बाटलीचा स्टँड, यांचे बोल्ट बदलायला फार पैसे लागत नाहीत. स्टेम आणि ब्रेकचे बोल्ट मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका, तिथे ताकदीचा हिशोब वेगळा असतो. आट्यांना ग्रीस लावा. किनाऱ्यावरून आलात की सायकल गोड्या पाण्याने धुवा, जोर न लावता.

आणि कुठेही नवा भाग बसवताना, टायटॅनियमचा असो की कार्बनचा, काकांचा तो प्रश्न विचारा. हा भाग किती भारी आहे हे दुकानदार सांगेलच. तो कुणाच्या शेजारी बसणार आहे, ते तुम्हाला बघायचंय.

तो तुटलेला अर्धा बोल्ट मी टाकला नाही. लेथच्या वर खिळ्याला टांगून ठेवलाय. नवीन काम हातात घेताना आधी त्याच्याकडे नजर जाते.

मित्राचं मनगट आता ठीक आहे. या सीझनला तो पाण्यात उतरतोय. क्लॅम्पवर पट्टाही अजून बांधलेला आहे, मी येताजाता बघतो.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत सायकल धुवायला विसरू नका!